पहिली सबमशीनगन कोणती?

‘अमुक यंत्र प्रथम कोणी तयार केले?’ हा आपल्या प्रश्नपत्रिकांचा आवडता प्रश्न. उत्तर एका नावाचे, गुण एक. परंतु यंत्रांचा इतिहास बारकाईने पाहू लागलो की हे एक नाव हातातून निसटू लागते. सबमशीनगनचेच उदाहरण घेऊ.

पिस्तुलाचे काडतूस वापरणारी आणि एकट्या सैनिकाला हातात धरून चालवता येणारी स्वयंचलित बंदूक म्हणजे सबमशीनगन. या काडतुसाचा जोर रायफलीच्या काडतुसापेक्षा कमी असतो. त्यामुळे गोळी सुटताना मागे बसणारा धक्का जड बोल्ट आणि स्प्रिंग यांनीही पेलता येतो. न्यूटनचा तिसरा नियम येथे आठवावा.

१९१५ साली इटलीत व्हिलार पेरोझा ही बंदूक आली. काडतूस पिस्तुलाचे, नळ्या दोन. पण खांद्याला लावायचा दस्ता नाही. तिला सबमशीनगन म्हणावे का? १९१८ साली जर्मनीची एमपी १८ आली. तिला दस्ता होता आणि एकटा सैनिक ती घेऊन धावू शकत असे. म्हणून पुष्कळ जण पहिला मान तिला देतात.

पण मध्येच ऑस्ट्रियाची हेलरीगल आडवी येते. ऑक्टोबर १९१५ च्या छायाचित्रांत ती दिसते: दस्ता, नळी थंड ठेवणारे पाण्याचे आवरण, काडतुसांचा गोल डबा. मुख्य पुरावा एवढाच. असा नमुना तयार झाला होता, हे छायाचित्रावरून कळते. तो न अडकता किती वेळ चालला आणि का मागे पडला, हे छायाचित्र सांगत नाही.

असा पेच परदेशापुरता नाही. पुण्याच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एका शस्त्राचे पूर्वीचे नाव ‘मॉडर्न सब मशीन कार्बाइन’. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या अंतिम टप्प्यातील चाचण्या झाल्या, तेव्हा ते ‘जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन’ झाले होते. त्याचे ५.५६ × ३० मि.मी. काडतूस नेहमीच्या पिस्तुलाचे नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये याच संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर केलेली ९ मि.मी.ची ‘अस्मी’ जाहीर झाली. तिला देशातील पहिली स्वदेशी मशीन पिस्तूल म्हटले गेले. शंभर वर्षांनी कोणी ‘पहिली कोणती’ असे विचारले, तर उत्तर दोन गोष्टींवर ठरेल: आपण धरलेली व्याख्या आणि जपलेल्या नोंदी.

हे शिकवायला बंदूक लागत नाही. करमाळ्यासारख्या गावात शेतीची अवजारे करणारे कारागीर असतात. एखादा नवा नमुना जमत नाही, मोडतो आणि भंगारात जातो. विद्यार्थ्यांना टेप आणि वही घेऊन तेथे पाठवावे. मापे, तारीख, काय बिघडले आणि का, हे त्यांनी लिहून आणावे. फसलेल्या प्रयोगाची अशी नोंद राहिली, तर पुढच्याला केवळ छायाचित्रावरून तर्क करत बसावे लागणार नाही.