‘बाळ कसं आहे?’ याच्या पुढचा प्रश्न

आजच्या भागाची सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका दृश्यापासून करूया. घरात ओली बाळंतीण आहे. शेकशेगडी चालू आहे, डिंकाचे लाडू झालेत, डोक्याला स्कार्फ बांधलाय. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “बाळ कसं आहे? वजन किती? दूध पुरतंय ना?” आई बाजूलाच बसलेली असते, पण “तुला कसं वाटतंय गं?” हे तिला फार थोडेजण विचारतात. विचारलंच, तर उत्तर ऐकायला थांबतात किती?

हा प्रश्न विचारायला कोणी, कधी आणि कुठे शिकवलं, त्याची आजची गोष्ट. ती पॅरिसला सुरू होते, युगांडा आणि स्कॉटलंडमार्गे रावळपिंडीला जाते आणि आपल्या गोव्यात येते.

डॉक्टरांच्या ताब्यातला आजार

१८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या जेमतेम तिशीतल्या डॉक्टरनं एक ग्रंथ लिहिला. विषय होता गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचे मानसिक आजार. ३१० स्त्रियांच्या नोंदी त्यात आहेत. आज या विषयावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था त्याच्याच नावानं ओळखली जाते. ती स्थापन झाली १९८० साली, म्हणजे ग्रंथानंतर तब्बल १२२ वर्षांनी!

मधल्या काळात काय झालं? हा आजार वेड्यांच्या इस्पितळात राहिला. जिला भास होतात, जी बाळाला ओळखत नाही, तिच्याकडेच लक्ष जायचं. बाळंतपणानंतरचा हा तीव्र आजार हजारात एक-दोन जणींना होतो आणि तिथे तातडीनं डॉक्टरच लागतो, यात वाद नाही. पण जी घरातच गुपचूप रडते, तिचं काय?

१९६८ मध्ये लंडनच्या ब्राइस पिट यांनी नेमकं हेच बघितलं. त्यांनी ३०५ स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा दर दहापैकी साधारण एकीला बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं दिसलं. इस्पितळात पोचणाऱ्या बायकांपेक्षा घरात असलेल्या या बायकांची संख्या कितीतरी मोठी होती. इतक्या घरांत मानसोपचारतज्ज्ञ कसा पोचणार? मग पोचणार कोण?

दहा प्रश्नांचा कागद

आता जॉन कॉक्स यांच्याकडे येऊ. हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात काम करत होते. तिथल्या लोकांकडे बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराला स्वतःचा शब्द होता, ‘अमाकिरो’. म्हणजे हे काही युरोपातल्या सुखवस्तू बायकांचं खूळ नव्हतं.

परत आल्यावर कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांनी १९८७ मध्ये एडिंबरा प्रश्नावली प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. त्यातली खुबी बघा. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्या विचारायच्या, झोप लागते का, थकवा आहे का, भूक कशी आहे. आता तीन आठवड्यांचं बाळ घरात असताना कोणाची झोप पुरी होते? शरीराचे असे बहुतेक प्रश्न काढून टाकून त्यांनी मनाचे ठेवले. हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, घाबरल्यासारखं होतं का. शेवटचा, दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. या कागदावरून निदान होत नाही. पुढे बोलायला हवं, एवढंच तो सांगतो. पण बोलणार कोण? खरी कलाटणी इथे आहे.

सल्ला न देण्याचं शिक्षण

ब्रिटनमध्ये ‘हेल्थ व्हिजिटर’ असतात. नर्सिंग शिकलेल्या, बाळ तपासायला घरी जाणाऱ्या. होल्डन आणि सहकाऱ्यांनी त्यांना समुपदेशनाचं छोटं प्रशिक्षण दिलं. अवघड भाग कोणता होता, सांगू? या बायकांचं सगळं काम सल्ला देण्याचं. बाळाला असं धरा, तसं पाजा. आता त्यांना शिकायचं होतं सल्ला गिळायला आणि ऐकून घ्यायला.

दर आठवड्याला एक, अशा आठ भेटी ठरल्या. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले. भेटी मिळालेल्या २६ पैकी १८ जणी तीन महिन्यांत पूर्ण बऱ्या झाल्या. नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ पैकी ९. अभ्यास छोटा होता, पण डॉक्टर नसलेली, घरात सहज प्रवेश असलेली व्यक्ती शिकवली तर उपचार करू शकते, हे दिसलं.

म्हापसा आणि रावळपिंडी

आपल्याकडे तेव्हा काय म्हणत असत? “आमच्याकडे माहेर आहे, सव्वा महिन्याची विश्रांती आहे, आमच्या बायकांना कसलं नैराश्य?” गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे बाळंतपणाची वाट न बघता आधीच विचारता आलं असतं.

कारणं? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. हे वाचताना मला थांबावं लागलं. हा आजार तिच्या डोक्यात जितका आहे, तितकाच घराच्या उंबऱ्याच्या आतही आहे.

सीमेपलीकडे, रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी पुढचं पाऊल टाकलं. पाकिस्तानात १९९४ पासून ‘लेडी हेल्थ वर्कर’ आहेत, आपल्या आशाताईंसारख्या. गावातल्याच, साधारण शाळा संपवलेल्या. त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण, नंतर एका दिवसाची उजळणी आणि दर महिन्याला अर्धा दिवस देखरेखीची बैठक मिळाली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत सोळा भेटी.

त्यांची युक्ती फार व्यवहारी होती. दारात जाऊन “तुमच्या सुनेला नैराश्य आहे” म्हटलं तर दार बंद होईल. म्हणून विषय ठेवला बाळाच्या तब्येतीचा. त्यावर सासूही आत बोलावते, नवराही ऐकतो. मग आईचे विचार, तिचं खाणंपिणं, तिला कोणाचा आधार आहे, यावर बोलायचं. चित्रं दाखवायची, छोटं काम सोपवायचं, पुढच्या भेटीत विचारायचं.

२००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. एकूण ९०३ स्त्रिया. सहा महिन्यांनी या भेटी मिळालेल्या गटात २३ टक्के जणींना नैराश्य उरलं होतं. दुसऱ्या गटातही घरी भेटी झाल्याच होत्या, पण तशा प्रशिक्षणाशिवाय. तिथे ते ५३ टक्के होतं. बाळांच्या वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं, आईवडील बाळाशी जास्त खेळू लागले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही पुस्तिका सगळ्या जगासाठी प्रसिद्ध केली.

शेजारणीपर्यंत

मग प्रश्न आला, आधीच कामानं वाकलेल्या आरोग्यसेविकेवर आणखी किती लादायचं? म्हणून गोवा आणि रावळपिंडी, दोन्हीकडे गावातल्या सामान्य बायकांनाच शिकवून बघितलं. २०१९ मध्ये निकाल आले. गोव्यात २८० स्त्रियांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ७३ टक्के जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, तुलनेच्या गटात ६० टक्के. फरक होता, पण पहिल्या प्रयोगाइतका नाही. रावळपिंडीत तर सहा महिन्यांनी मुख्य निकषांवर फरक दिसलाच नाही.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी आहे का? मला तसं वाटत नाही. माझा निष्कर्ष असा, की दोन दिवसांचा वर्ग आणि एक पुस्तिका एवढ्यानं भागत नाही. दर महिन्याची ती अर्ध्या दिवसाची बैठक, अडलं तर विचारायला कोणीतरी असणं, गंभीर बाईला पुढे पाठवायला जागा असणं, हे सगळं लागतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. अशी जागा असली, तरच गावातल्या ताईनं विचारलेल्या प्रश्नाला पुढे वाट मिळते. नाहीतर प्रश्न विचारून आपण तिला तिथेच सोडून येतो.

गेली दीडशे वर्षं हा प्रश्न विचारण्याचा अधिकार हळूहळू खाली उतरत आलाय. डॉक्टरकडून नर्सकडे, नर्सकडून गावातल्या ताईकडे, ताईकडून शेजारणीकडे. पण जबाबदारी मात्र तिच्या एकटीवर ढकलून चालणार नाही.

आणि आपण? पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला गेलात, तर बाळाला घेण्याआधी दोन मिनिटं तिच्याजवळ बसा. “तू कशी आहेस?” विचारा आणि गप्प राहा. ती स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याबद्दल बोलली, काहीतरी भलतंच दिसतं-ऐकू येतं म्हणाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिला एकटं सोडू नका. नुसतं बोलायचं असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घेणाऱ्यांचीही घ्या.