तळटीप : वकिलाशी एकांतात बोलण्याचा हक्क

युरोपीय मानवाधिकार करारनाम्याच्या कलम 39 नुसार, अटकेत वकिलाशी एकांतात बोलू न दिल्याच्या तक्रारीही सरकार आणि तक्रारदार यांच्यातील समझोत्याने मिटू शकतात. मात्र नुसती भरपाई देऊन त्या मिटवणे अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. भेटीच्या वेळी पोलीस ऐकत असतील, तर आरोपी जे बोलायचे टाळतो तेच त्याचे खरे नुकसान. त्याची किंमत कशी ठरवणार? 'ब्रेनन विरुद्ध युनायटेड किंग्डम' (2001) या उत्तर आयर्लंडमधल्या प्रकरणात पहिल्याच भेटीत पोलीस अधिकारी हजर होता. अशा हजेरीत मोकळेपणाने बोलणे शक्यच नव्हते, असे म्हणून युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हक्कभंग मान्य केला.

वकिलामार्फत साथीदारांना निरोप जातील, हा आक्षेप गंभीर आहे. पण 'एस. विरुद्ध स्वित्झर्लंड' (1991) मध्ये बचावाचे वकील आपसात संगनमत करतील ही नुसती शक्यता न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. संशयाला ठोस आधार हवा, आणि तो त्या विशिष्ट प्रकरणातलाच हवा. म्हणून समझोत्यात कोठडीचे नियम बदलण्याची हमी असली पाहिजे. तक्रारदार पैसे घेऊन समाधानी झाला, तरी पुढचा अटकेतला माणूस त्याच खोलीत बसणार असतो. मानवाधिकारांच्या दृष्टीने गरज असेल, तर कलम 37 न्यायालयाला सुनावणी चालू ठेवायला सांगते.