साक्ष आणि ग्वाही

अंधेरी-मरोळकडच्या मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभेत कुणी उभं राहून सुटलेल्या व्यसनाबद्दल, आजारपणातल्या रात्रींबद्दल, देवाशी झालेल्या भांडणाबद्दल बोलू लागलं, की त्याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. शब्द कोर्टकचेरीतला वाटतो. पण कोर्टाच्याही आधी तो डोळ्याचा आहे. ‘स’ म्हणजे सह आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. साक्षी म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलं तो. पाणिनीनंही हा शब्द साक्षात पाहणाऱ्यासाठीच सिद्ध केला आहे. प्रत्यक्ष, समक्ष, परोक्ष ही याच डोळ्याची भावंडं. (‘साक्षर’ मात्र या घरातला नव्हे, तो ‘अक्षर’चा.)

साक्षात्कारही इथलाच. पण साक्षात्कार एकट्याला होतो आणि तो तिथेच संपू शकतो. साक्षीला मात्र ऐकणारा लागतो. उत्तरेत ‘साक्षी’चं ‘साखी’ झालं. कबीराच्या दोह्यांना ते नाव मिळालं आणि गुरू नानकांच्या जीवनकथा ‘जनमसाखी’ ठरल्या. स्वतः पाहिलेलं दुसऱ्याच्या हाती देण्याची ही रीत एका धर्माची नाही. ग्रीकमध्ये साक्षीदाराला ‘मार्तुस’ म्हणत. बोललेल्या शब्दासाठी जीव देणाऱ्या ख्रिस्ती माणसांमुळे त्याचाच पुढे ‘मार्टर’ झाला. अरबी ‘शहीद’च्या मुळाशीही साक्ष देणंच आहे.

मराठीनं याच अर्थाचा फारसी शब्दही घेतला: ग्वाही. गवाह म्हणजे साक्षीदार, ग्वाही म्हणजे त्याची जबानी. आज मात्र ग्वाही मंत्री देतात, पाणी येईल, रस्ता होईल म्हणून. ग्वाहीनं भविष्याकडे तोंड वळवलं, साक्ष झालेल्या गोष्टीपाशीच राहिली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ‘माझ्या घरात असं घडलं’ ही साक्ष. ‘तुमच्याही घरात नक्की घडेल’ म्हटलं की ती ग्वाही झाली, आणि तेवढा अधिकार साक्षीदाराला कुणी दिलेला नसतो.

पण प्रत्येकाची साक्ष आपल्यापर्यंत पोचतेच असं नाही. अंधेरीतच सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष आहेत. 1579 साली जेझुइटांनी ते बांधलं. 1840 मध्ये साथीच्या रोगामुळे कोंडिवटे गावाची वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडलं. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्या कोंडिवट्याच्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असेल? भीती, आशा की निव्वळ नाइलाज? त्यांची हकिकत आपल्यापर्यंत येते ती पाद्र्यांच्या लेखणीतून. म्हणजे परोक्ष, डोळ्याआडची. त्यांच्यापैकी एकाचं जरी चार ओळींचं स्वतःचं बोलणं हाती आलं, तर मी अख्ख्या इतिहासग्रंथाच्या बदल्यात ते घेईन.

‘मी’ म्हणून सांगणारा आवाज एकोणिसाव्या शतकात मोकळा होतो. बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1907 साली आपल्या आध्यात्मिक वाटचालीची इंग्रजी पुस्तिका काढली. तिच्या नावातच ‘साक्ष’ या अर्थाचा शब्द आहे. वेदान्तातला साक्षी मात्र अलिप्त असतो: पाहतो, पण गुंतत नाही. आईवडिलांबरोबर पुराणं सांगत, उपाशीपोटी तीर्थं पालथी घातलेल्या आणि दुष्काळात त्यांना गमावलेल्या रमाबाईंना असं अलिप्त राहून सांगता येण्यासारखं नव्हतंच.

या साऱ्यांत मला सर्वांत खरी वाटते ती लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष. 1895 साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या या लेखिकेवर आभाळ कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं सांभाळत राहिल्या आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधला राग, रडणं, नवऱ्याशी झालेले खटके, मनातून एके दिवशी गळून पडलेला जातिभेद, हे सारं त्यांनी जसंच्या तसं मांडलं आहे. तुम्हीही या, असं त्या वाचकाला कुठे म्हणत नाहीत.