घेरणारा आवाज, थांबवणारा हात

आषाढी वारीत तुकोबांची पालखी नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात येते. अकलूजला गोल रिंगण, माळीनगरला उभे रिंगण आणि तिथून श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून बोरगावच्या मुक्कामाला, असा माळशिरस तालुक्यातला तिचा रस्ता आहे. हा सोहळा तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला. श्रीपूरची वसाहत त्यामानाने अलीकडची. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती इथली वस्ती वाढली. आज महाराष्ट्रातल्या अशा कुठल्याही कारखान्याच्या गावात मोबाइलवर किंवा संगणकावर खेळणारी मुले आहेत, आणि त्यांना विकल्या जाणाऱ्या हेडसेटच्या खोक्यावर दोन आश्वासने छापलेली असतात: आवाज चहूबाजूंनी येईल आणि तो अंगाला जाणवेल. ही दोन्ही सुखे यंत्रयुगाने नव्याने दिली, असे सहज मानले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. घेरून टाकणारा आणि अंगावर येणारा आवाज या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हेडसेटने नवी केली ती गोष्ट दुसरीच, आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

पुरावा मृदंगापासून घेऊ. त्याच्या उजव्या पुडीवर कायमची शाई असते. डाव्या पुडीवर वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात आणि वाजवून झाल्यावर तो खरवडून काढतात. कणकेच्या वजनाने कातडे सावकाश हलते आणि खर्ज उतरतो. चर्मवाद्यांवरच्या या लेपाचे शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. मृदंग्यांच्या हातांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून अवगत होते. खर्ज ही कानापुरती राहणारी गोष्ट नाही. सेकंदाला तीस कंपनांच्या आवाजाची एक लाट हवेत अकरा मीटरांहून लांब असते. अशी लाट छातीला, पोटाला, पायाखालच्या जमिनीला हलवते. रिंगणानंतरच्या उडीच्या खेळात टाळकरी आणि मृदंगी पालखीभोवती कडी करतात, तेव्हा मधल्या माणसाला आवाज कुठून येतो हे विचारावे लागत नाही, तो सगळीकडून येतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला रथापुढच्या दिंडीचा अभंग विरत जाताना आणि रथामागच्या दिंडीचा चढत येताना एकाच वेळी ऐकू येतो. दिशा आणि स्पर्श, दोन्ही इथे आहेत. हीच गोष्ट कुस्तीच्या फडातल्या हलगीची. आगीवर शेकून ताणलेल्या तिच्या कातड्याचा कडकडाट पैलवानाच्या अंगात शिरावा यासाठीच ती वाजवली जाते.

यंत्रांनी हा अनुभव आधी मोडला आणि मग तुकड्या-तुकड्यांनी परत जुळवला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक लावले आणि प्रदर्शनातल्या श्रोत्यांच्या दोन्ही कानांना वेगवेगळी श्रवणयंत्रे दिली. गायक डावीकडून उजवीकडे सरकलेला त्यांना कळू लागला. असे का होते, याचा पाया लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये घातला. बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी आणि मोठा पोहोचतो, दुसऱ्याला उशिरा आणि क्षीण. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. आपल्याकडे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला. जत्रेतल्या तंबू सिनेमात मात्र सगळा आवाज एकाच बाजूने, पडद्याकडून यायचा. ‘शोले’ने १९७५ मध्ये सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी आणला, पण तोही मोठ्या शहरांतल्या मोजक्या चित्रपटगृहांपुरता. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा बसवली गेली होती. तिची प्रचंड कर्णेयंत्रे इतका खोल खर्ज सोडत की प्रेक्षकांना खुर्ची हादरल्यासारखी वाटे. भूकंप ऐकवणे पुरेसे नाही, तो अंगाला कळला पाहिजे, हे तिथल्या तंत्रज्ञांनी ओळखले होते.

हेडफोनची अडचण नेमकी इथेच आहे. कानाला चिकटलेला छोटा पडदा कानातली चिमूटभर हवा हलवतो. खर्ज त्यातून ऐकू येतो, पण छातीपर्यंत जात नाही. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी अमेरिकेत स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला तेव्हापासून ऐकणारा आपल्या शरीरापासून तुटत गेला, आणि ही तूट भरून काढण्याचे काम गंमत म्हणजे खेळांच्या यंत्रांनी केले. सेगाच्या १९७६ च्या मोटरसायकलच्या खेळात धडक बसली की हाताची मूठ थरथरत असे. १९९७ मध्ये निन्टेन्डोने रंबल पॅक आणि सोनीने ड्युअलशॉक आणला, आणि खेळाची कळ हातात थरथरणे ही नित्याची गोष्ट झाली. २०१८ मध्ये रेझर कंपनीने नारी अल्टिमेट या हेडसेटच्या दोन्ही वाट्यांत कंपक बसवले, जे खेळातल्याच आवाजावरून ठरवतात की कधी आणि किती थरथरायचे. दिशेचे कामही बहुतेक हेडसेटमध्ये गणितानेच होते. ‘७.१’ लिहिलेले असले तरी आत बहुधा प्रत्येक कानाला एकच पडदा असतो. आठ वाहिन्यांचा भास उशीर, चढउतार आणि कानाच्या पाळीने आवाजात होणारे बदल मोजून निर्माण केला जातो. म्हणून तो खोटा ठरत नाही. मेंदूला जे पुरावे लागतात तेच त्याला दिले जातात, आणि शत्रूच्या पावलांची चाहूल पाठीमागून आली हे खेळाडूला खरोखरच कळते.

वारी आणि गोळीबाराचा खेळ एका ओळीत बसवणे काहींना रुचणार नाही. भक्तीचा ठेका आणि स्फोटाचा दणका यांची योग्यता मी सारखी मानत नाही. पण माणसाचे कान आणि कातडी दोन्हीकडे तीच आहेत, आणि आवाजात बुडून जाण्याची ओढही तीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना सामूहिक आवाज निर्मळ होता, हा समज भाबडा नाही का? ज्या सामूहिकतेचे मी गोडवे गातो तिनेच गेल्या काही दशकांत मिरवणुकींत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या केल्या. गावोगाव ज्याला डॉल्बी म्हणतात त्या भिंतींसमोरून तान्ह्या मुलांना आणि आजारी माणसांना नेताना लोक घाबरतात. हेडसेट लावलेला मुलगा शेजाऱ्याची झोप मोडत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि हेडसेटचा हा मोठा गुण आहे.

पण याच गुणात त्याची उणीवही आहे. सामूहिक आवाजाला थांबवणारा कुणीतरी असतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत, जिची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली, समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंग त्या क्षणी गप्प होतात. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर तिची काही तक्रार आहे असे समजतात, आणि ती ऐकून घेतल्यावरच टाळ थांबतात. डॉल्बीच्या भिंतीलाही, अंमल ढिला असला तरी, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. तिथे शेजारी तक्रार करू शकतो, पोलीस येऊ शकतो. हेडसेटमधला आवाज तिसऱ्या कुणाला ऐकूच जात नाही, त्यामुळे ‘कमी कर’ म्हणणारे कुणी उरत नाही. त्यात कंपनाची भर पडली की दणका अधिकच हवासा वाटतो. कंपनामुळे कमी आवाजातही तेवढाच जोर जाणवेल आणि कान वाचतील, असा प्रतिवाद होऊ शकतो. तो तत्त्वतः बरोबर आहे. पण त्यासाठी खेळणाऱ्याने आवाज स्वतः खाली आणावा लागतो, आणि खेळ रंगात आलेला असताना पावलांची बारीक चाहूल टिपण्यासाठी तो आवाज वाढवण्याचीच शक्यता जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल अशी धरली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. आतल्या कानातल्या ज्या केसाळ पेशी एकदा मेल्या त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी असा हेडसेट आहे त्यांनी एकदा तरी तो मुलाच्या नेहमीच्या आवाजावर ठेवून स्वतःच्या कानाला लावून पाहावा, यंत्रात आवाजाची कमाल मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती लावून द्यावी, आणि खेळाच्या दर तासाला काही मिनिटे कान मोकळे ठेवायला सांगावे.