ज्ञानाचे दार सर्वांसाठी

वाचकहो, आपल्या वाकडच्या शेजारी हिंजवडीत संगणकाचे केवढे मोठे काम चालते, हे आपण रोज पाहतो. परंतु याच संगणकावर आपली मराठी एकेकाळी कुलूपबंद होती, हे आजच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल.

१९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले. पुण्याच्या सी-डॅकने ते वापरात आणले. त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरीस स्थान मिळाले. तरीही पुढे कित्येक वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटत. काही ठिकाणी फॉन्ट आपोआप उतरे, पण तो ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ या एकाच ब्राउझरमध्ये दिसे.

हलत्या चित्रांचीही तीच गत. १९९६ साली आलेल्या ‘फ्लॅश’साठी ब्राउझरला निराळे प्लगइन जोडावे लागे, आणि त्याची मालकी एका कंपनीची. २०१४ साली ‘एचटीएमएल ५’ हे खुले प्रमाण पक्के झाले. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला, आणि त्यावर बेतलेले कितीतरी धडे मुके झाले.

यातून काय घ्यावे? ज्या दाराची किल्ली एकाच्याच हाती, ते दार कधीही बंद होऊ शकते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आपली टिपणे युनिकोडमध्येच लिहा. पालकहो, शाळेसाठी संगणकाचे धडे विकत घेताना एवढेच विचारा : हे कोणत्याही ब्राउझरवर चालेल ना?