आयझॅक्स लक्षणसमूह

परिसरीय तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) अतिउत्तेजनशीलतेमुळे स्नायूंमध्ये सतत स्फुरण, वेदनायुक्त पेटके व ताठरपणा उत्पन्न करणारी विरळा विकृती. आकुंचित झालेला स्नायू लवकर शिथिल होत नाही. पुष्कळ रुग्णांना अतिशय घाम येतो. झोपेतही स्फुरण थांबत नाही. या अस्वस्थतेचा उगम मेंदूत, मेरुरज्जूत, तंत्रिकेत की खुद्द स्नायूत, या प्रश्नाभोवती तिच्या संशोधनाचा इतिहास गुंफलेला आहे.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील वैद्य ओग्यूस्तँ मॉर्व्हां यांनी १८९० मध्ये स्फुरण, वेदना, घाम, निद्रानाश व मतिभ्रम असलेल्या रुग्णांचे वर्णन करून त्या विकाराची गणना कोरिया या अनैच्छिक हालचालींच्या रोगात केली. १८९५ मध्ये जर्मन वैद्य फ्रीड्रिख शुल्ट्झे यांनी स्नायूंतील तरंगवत हालचालींना ‘मायोकिमिया’ ही संज्ञा दिली. स्फुरण म्हणजे प्रेरक तंत्रिका कोशिकांच्या घातक ऱ्हासाची खूण, अशी धास्ती वाटणे स्वाभाविक होते. डेनी-ब्राउन व फोली यांनी १९४८ मध्ये पेटक्यांसह येणारे स्फुरण निरुपद्रवीही असू शकते, हे दाखविले.

निर्णायक पुरावा १९६१ मध्ये जोहॅनिसबर्ग येथील ह्याम आयझॅक्स यांनी दोन रुग्णांच्या अभ्यासातून मांडला. स्थानिक संवेदनाहारकाने तंत्रिका बधिर केली, तरी स्फुरण चालूच राहिले; म्हणजे आज्ञा मेंदूकडून वा मेरुरज्जूकडून येत नव्हती. कुरारी या तंत्रिका-स्नायू संधी रोधणाऱ्या द्रव्याने मात्र ते थांबले. म्हणजे दोष स्नायूतही नव्हता. उरला तो तंत्रिकेचा अंत्य भाग. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाने रुग्णांना आराम पडला. १९६५ मध्ये मेर्टेन्स व त्शोके या जर्मन संशोधकांनी ‘न्यूरोमायोटोनिया’ हे नाव सुचविले.

उगमस्थान कळले, तरी कारण अज्ञात होते. १९९१ मध्ये ऑक्सफर्ड येथील जॉन न्यूसम-डेव्हिस व सहकाऱ्यांनी रक्तद्रव बदलल्याने रुग्णाची लक्षणे कमी होतात, तसेच त्याची प्रतिपिंडे टोचलेल्या उंदरांच्या तंत्रिकांतही बदल आढळतो, असे दाखविले. १९९५ मध्ये ही प्रतिपिंडे पोटॅशियम मार्गांशी निगडित असल्याचे आढळले. आवेगानंतर तंत्रिकेला पूर्वस्थितीत आणणारे हे मार्ग निकामी झाल्यास ती पुनःपुन्हा आवेग सोडते. २०१० मधील संशोधनानुसार अनेक रुग्णांत प्रतिपिंडांचे खरे लक्ष्य प्रत्यक्ष मार्ग नसून त्यांच्याशी संलग्न असलेले ‘कॅस्पर-२’ हे प्रथिन असते. काही रुग्णांत यौवनलोपी ग्रंथीचे अर्बुदही आढळते; म्हणून त्याचा शोध घेणे अगत्याचे असते.

फेनिटॉइन व कार्बामॅझेपीन ही औषधे तंत्रिकेची उत्तेजनशीलता कमी करतात. तीव्र विकारात रक्तद्रव बदलणे व प्रतिरक्षा-दमन यांचा अवलंब करतात.