नकाशातले शहर आणि नकाशाआधीची गावे

पोंभुर्ण्याच्या माणसाने नवी मुंबईचा इतिहास सांगायला घेतला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गुरुजी, नऊशे किलोमीटरवरच्या त्या शहराशी आपला काय संबंध?" संबंध आहे. 1999 साली चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वीजवाहिनी सुरू झाली. कोळसा इकडे जळतो आणि दिवे तिकडेही लागतात. पण मला आज विजेविषयी बोलायचे नाही. मोठ्या शहराच्या शेजारी आखीवरेखीव नगर वसवायचे ठरते, तेव्हा तिथे आधीपासून नांदणाऱ्या गावांचे काय होते, हे मला सांगायचे आहे.

मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे बेट. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला. सकाळी सगळा लोंढा एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला. 1960 नंतर हा ताण असह्य होऊ लागला. तेव्हा चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुरचनाकार आणि अभियंता शिरीष पटेल यांनी 1965 साली 'मार्ग' या नियतकालिकातून एक विचार मांडला. मुंबई उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला, मुख्य भूमीवर, तिचे जुळे शहर वसवावे, असा तो विचार होता. सरकारला तो पटला. 17 मार्च 1970 रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले.

या योजनेचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. सरकारने सिडकोला सुरुवातीचे भांडवल दिले ते अवघे चार कोटींच्या आसपास. खरे भांडवल होते जमीन. शेतजमीन सरकारने संपादित करायची, सिडकोने तिथे रस्ते, पाणी, गटारे करायची, मग विकसित भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा भाग उभारायचा. सुमारे 344 चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणि त्यात ठाणे, पनवेल, उरण भागातली 95 गावे. माणसे बहुतेक आगरी आणि कोळी. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर त्यांचे घर चाले. आपण ज्याला धानाची बांधी म्हणतो, तेच त्यांचे खाचर. दोन्हीकडचा शेतकरी पावसाकडेच डोळे लावून बसणारा.

शहर लगेच उभे राहिले नाही. 1973 साली ठाणे खाडीवर पूल झाला. सरकारी कचेऱ्या बेलापूरला नेण्याची मूळ कल्पना होती, पण मंत्रालय जागचे हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून मनोरे चढत गेले. नव्या शहराला पहिला आधार दिला तो बाजारांनी. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजीपाला असे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले. 1992 मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल धावली. त्या रेल्वेमार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 11 लाखांवर गेलेली दिसते.

ही झाली नकाशाची गोष्ट. गावांची गोष्ट वेगळी आहे. जमिनी गेल्या शेतीच्या भावाने आणि विकल्या गेल्या शहराच्या भावाने. नकाशात प्रत्येक सेक्टरला क्रमांक मिळाला. जुनी गावठाणे मात्र मधेच ठिगळासारखी राहिली. या अन्यायाविरुद्ध उभे राहिले जासईचे दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. 16 आणि 17 जानेवारी या दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. पुढे 1990 मध्ये संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. ज्याची जमीन घ्यायची, त्याला वाढत्या किमतीतही वाटा द्यायचा, हे तत्त्व त्यातून रुजले. विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांना तर साडेबावीस टक्क्यांपर्यंतचा पर्याय मिळाला.

तरी सगळे मिटले नाही. कुटुंबे वाढली, तशी गावठाणाबाहेर गरजेपोटी घरे झाली. सरकारी कागदावर ती अनधिकृत ठरली. ती नियमित करण्यासाठी 2022 मध्ये शासनाला निर्णय काढावा लागला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बां.चे नाव द्यावे यासाठी 2021 मध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले होते. नावाची ही मागणी वरवरची नव्हे. हे शहर कुणाच्या जमिनीवर उभे आहे, याची नोंद व्हावी, असे त्यांना वाटत होते.

नवी मुंबई फसली, असे कुणी म्हणू नये. रुंद रस्ते, प्रशस्त स्टेशने, लाखो मध्यमवर्गीयांना परवडलेली पहिली घरे, हे तिचे श्रेय आहे. पण ज्या गोष्टी पहिल्या आराखड्यात एका ओळीने लिहिता आल्या असत्या, त्या लिहून घ्यायला पाच जीव आणि वीस वर्षे लागली.

आता आपल्याकडे वळू. पोंभुर्ण्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आहे. लहान गाव शहर होऊ लागले, की विकास आराखडा हा शब्द कानावर येतोच. कुठे रस्ता, कुठे बगीचा, कुठे बाजार, हे त्यात रंगवलेले असते आणि त्या रंगाखाली कुणाची बांधी, कुणाची बोडी, कुणाचा गुरे चारायचा पडीक असतो. 1966 च्या नगररचना कायद्याने नागरिकाला एक हक्क दिला आहे. आराखडा प्रसिद्ध झाला, की ठरलेल्या मुदतीत त्यावर हरकती आणि सूचना लेखी देता येतात. हा कागद जमीनदाराला जेवढा उघडा आहे, तेवढाच दोन एकरवाल्यालाही आहे. म्हणून नकाशा भिंतीवर लागेल त्या दिवशी आधी आपले गाव त्यात शोधा, आपली बांधी शोधा. दिसली नाही, तर मुदत संपायच्या आत अर्ज लिहा.